म्हातारी गॅसवर

क्लचकाकूंना खरं नाव होतं, पण ते आता फक्त लायसन्सवर उरलं होतं. "क्लच! क्लच! अहो बाई, क्लच!" ही आरोळी गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचायची. त्यावरून पोरांनी नाव ठेवलं, पोरांचं आयांनी उचललं, आणि शेवटी काकूंनीच ते गाडीच्या मागच्या काचेवर रंगवून घेतलं : 'क्लचकाकू. बायकांना गाडी शिकवते. पुरुषांनाही, ऐकून घेणार असतील तर.'

गाडी काकूंच्या वडिलांची. गोल डोळ्यांची, पाठीला बाक आलेली, गियरचा दांडा स्टिअरिंगलाच चिकटलेला. तिला सगळे म्हातारी म्हणत. सिग्नलला थांबली की शेजारच्या गाडीतली माणसं काच खाली करून विचारत, "विकायची का?"

"घरातलं म्हातारं माणूस विकतात का कोणी?" काकू विचारत. त्यावर काही जण चक्क विचारात पडत.

सगळं छान होतं, पण म्हातारीची तहान वाढली होती. शिकवणं म्हणजे दिवसभर पहिला गियर, दुसरा गियर, जरा चाल, जरा थांब, बंद पड, पुन्हा सुरू हो. या असल्या चालीत ती घटाघटा पेट्रोल प्यायची. फी वाढवावी तर निम्म्या शिष्या स्वतः कमवायला लागण्यासाठीच गाडी शिकत होत्या. त्यांच्याकडून जास्त घ्यायला काकूंची जीभ रेटेना.

"आई, तुला वाटतं तू बायकांना शिकवतेस," मुलगा चहाचा कप खाली ठेवत म्हणाला. तो विमा कंपनीत होता, त्यामुळे बोलताना नेहमी पुढचं संकट दाखवायचा. "तू शिकवतेस पेट्रोलपंपवाल्याच्या पोरांना. परदेशी जातील ती तुझ्या जिवावर."

"जाऊ देत. कोणाची तरी मुलं पुढे जाऊ देत."

"मी गंभीरपणे बोलतोय. चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक अजून वाट बघताहेत. शुक्रवारपर्यंत सांगा म्हणालेत. पगार, एसी गाडी, पेट्रोल त्यांचं."

"आणि क्लच?"

"क्लच नसतोच गं त्या गाड्यांना."

"मग मी तिथे काय करू? नुसती काकू?"

मुलगा हसला, पण मुद्दा सोडला नाही. "मग म्हातारीला गॅस बसव. अर्ध्या खर्चात चालेल. एकतर गॅस, नाहीतर शाळा. असंच चाललं तर दिवाळखोरी, तिसरं काही नाही."

"उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातंय? जुन्या गाडीला गॅस म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. इंजिन कोरडं पडतं म्हणे."

"कोण म्हणे?"

"लोक म्हणे."

लोक म्हणजे काकूच, हे दोघांनाही माहीत होतं. खरी भीती वेगळी होती, आणि ती काकूंना नीट सांगताही येत नव्हती. म्हातारी गेली, किंवा म्हातारीची वेगळीच कोणीतरी झाली, तर आपल्याला शिकवता येईल का? दुसऱ्या कुठल्या गाडीवर त्यांनी कधी कोणाला शिकवलंच नव्हतं.

तरी गुरुवारी सकाळी त्या गॅसवाल्याकडे गेल्या. पत्र्याची लांबट शेड, आत तीन गाड्या तोंडं उघडून उभ्या, आणि दारातच एक चकचकीत जुनी गाडी. गाडी इतकी चकचकीत की काकूंना तिच्या दारात स्वतःचं तोंड दिसलं, आणि केस विस्कटलेत हेही कळलं. तिचे मालक गॅसवाल्याच्या मागे लागले होते.

"अहो, पण बसवायला काय हरकत आहे?"

"साहेब, आठवड्यातून किती वेळा काढता हिला?"

"रविवारी. तेही हवा चांगली असली तर."

"मग किटचे पैसे वसूल होईपर्यंत तुमचा नातू रिटायर होईल. तुमची गाडी पेट्रोल पीत नाही, पॉलिश पिते. पॉलिशला मी काही बसवत नाही."

साहेब रागावून गेले. काकूंना गॅसवाला एकदम आवडला. धंदा परत पाठवणारा माणूस त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

त्याने म्हातारीचं बॉनेट उघडलं, कान लावला, हात पुसला. "काकू, तुम्ही दिवसभर चालवता. तुम्हाला परवडेल. पण फुकट काही नाही हं. टाकी डिकीत बसेल, म्हणजे डिकी गेली. स्टेपनी टपावर. ओढ थोडी कमी होईल. आणि इंजिन जुनं आहे, तेव्हा रोज सकाळी पेट्रोलवर सुरू करायची, थोडी पळवायची, मग गॅसवर घ्यायची. नाहीतर व्हॉल्व्ह कुरकुर करतील."

"पेट्रोलची टाकी राहते?"

"राहते की. डॅशबोर्डला बटण येतं. इकडे गॅस, तिकडे पेट्रोल." मग तो खुशीत आला. "आणि एक फायदा सांगतो. चढावर वरच्या गियरमध्ये रेटली की ही टकटक करते ना? ठोके मारते? गॅसवर ते बंद. एकदम गप्प. लोक तेवढ्यासाठीसुद्धा बसवतात."

काकूंचा चेहरा पडला. "मला ते ठोके हवे आहेत."

"काय हवंय?"

"ठोके. अहो, मी त्याच्यावरच शिकवते. चढ आला, पोरीने गियर बदलला नाही, तर म्हातारी आधी टकटक करते, मग धापा टाकते, मग बंद पडते. मी म्हणते, रेडिओ बंद करा, काच खाली करा, ऐका. टकटक झाली की खालचा गियर. ती बोललीच नाही तर मी काय शिकवू? डोंबल?"

गॅसवाल्याने स्क्रूड्रायव्हरने डोकं खाजवलं. "काकू, माझ्याकडे सांधेदुखी घालवायला लोक येतात. तुम्ही म्हणताय, सांधे दुखू देत, त्यावरून हवा कळते."

"अगदी तसंच."

"मग असं करा. ती कोपऱ्यातली माझी गाडी. तुमच्या म्हातारीची सख्खी बहीण, फक्त गॅसवरची. आजचा दिवस घेऊन जा, म्हातारी इथे राहू दे. शिकवून बघा. नाही जमलं तर मी किटचं नाव काढणार नाही."

त्या दिवशी पाळी नर्सबाईंची होती. चाळिशीच्या, हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळणाऱ्या, हाताला कमालीच्या स्थिर. सुई टोचली तर कळणार नाही, असा लौकिक. त्यांना घरोघरी जाऊन पेशंट बघायचं काम मिळणार होतं, पण गाडी चालवता आली तरच. आणि चढावरच्या परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या होत्या. शिकवणी असायची लाकडाच्या वखारीमागे. तिथे मोकळं आवार होतं आणि वर रस्त्यापर्यंत जाणारा एक सरळ, रिकामा चढ.

"मॅडम, ही आपली गाडी नाही," नर्सबाई दारातच थबकल्या.

"तिची बहीण आहे. बसा. हिला माझ्या बाजूला ब्रेक नाही, तेव्हा हँडब्रेकवर माझा हात राहील. घाबरू नका."

"तुम्ही घाबरल्यात का?"

"थोडी," काकू म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना शिकवण्याच्या वेळी जमत नसे.

गाडी निघाली. आवार संपलं, चढ लागला. तिसरा गियर होता. काकू सवयीने कान टवकारून बसल्या. 'ऐका' हा शब्द जिभेच्या टोकावर तयार होता. टकटक यायची वाट होती. आली नाही. गाडी जरा जड झाली, आणखी जड झाली. आता ही न सांगता न विचारता धाडकन बंद पडणार, असं वाटून काकूंनी हँडब्रेक घट्ट धरला, तेवढ्यात नर्सबाईंचा पाय क्लचवर गेला, दांडा दुसऱ्यात आला, आणि गाडी मुकाट वर चढून रस्त्याच्या तोंडाशी उभी राहिली.

वखारीतल्या करवतीचा आवाज येत होता तेवढाच.

"हे कोणी केलं?" काकूंनी विचारलं.

"मीच बहुतेक."

"तुम्हाला कळलं कसं? ती तर काहीच बोलली नाही."

"सीटखालून कळलं. जड झाली ना."

"अहो, मग म्हातारीसुद्धा जड होते की! तिथे का नाही कळत?"

नर्सबाई ओशाळल्या. "रागवणार नाही ना? आपली गाडी टकटक करायला लागली की मला दुसरं काही कळतच नाही. आमच्या वॉर्डात मशीन असं वाजलं, की हातात असेल ते टाकायचं आणि पळायचं. अठरा वर्षं तेच केलंय. इथेही टकटक झाली की हात स्टिअरिंगवरून सुटतात, पाय क्लचपर्यंत पोचतच नाही. मला वाटतं कोणीतरी चाललंय."

"कोण?"

"पेशंट!"

काकू हसायला लागल्या ते थांबेचनात. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. नर्सबाईही हसू लागल्या, आणि हसता हसता गाडी बंद पडली, कारण पाय क्लचवरून सुटला. "क्लच! अहो बाई, क्लच!" काकू ओरडल्या, पण त्या ओरडण्यात आज दम नव्हता.

मग हसू ओसरलं आणि काकूंना जरा बोचलंच. इतके दिवस त्या या बाईला म्हणत होत्या, 'ऐका, नीट ऐका, तुम्ही ऐकतच नाही.' आणि ती बिचारी जिवाचे कान करून ऐकत होती. ऐकत होती म्हणूनच नापास होत होती.

"पुन्हा जाऊ," काकू म्हणाल्या. पुन्हा गेल्या. आणखी एकदा गेल्या. प्रत्येक वेळी गाडी वर पोचली. शेवटच्या खेपेला काकूंनी हँडब्रेकवरचा हात काढून मांडीवर ठेवला, आणि त्यांच्या लक्षात आलं की हात दुखतोय. केवढा आवळून धरला होता.

संध्याकाळी त्या शेडमध्ये शिरल्या. "बसवा."

"आणि ठोके?" गॅसवाला म्हणाला.

"काहींना हवेत, काहींना नकोत. घाबरटांना गॅसवर शिकवीन, शहाण्यांना पेट्रोलवर. बटण आहे म्हणालात ना? माझ्या हाताशी येऊ दे. शिकणाऱ्याच्या नको."

"काकू, किट घेणाऱ्यांनी आजवर मला शंभर कारणं सांगितली. हे नव्हतं."

शुक्रवारी दुपारी म्हातारी तयार झाली. टपावर स्टेपनी तिरकी टोपी घातल्यासारखी. डिकीत टाकी, टाकीशेजारी उरलेल्या जागेत जेमतेम छत्री मावेल. मुलगा ऑफिसमधून सुट्टी काढून आला होता. "सुरू तर होऊ दे," तो पुटपुटला. काकूंनी किल्ली फिरवली. म्हातारी खोकली. पुन्हा खोकली. मग इंजिन लागलं, पेट्रोलवर, ओळखीच्या आवाजात. थोड्या वेळाने गॅसवाल्याने खिडकीतून हात घालून बटण दाबलं. इंजिन किंचित अडखळलं आणि चालत राहिलं. काकूंचा जीव भांड्यात पडला. मुलाचाही पडला असावा, कारण तो एकदम बोलायला लागला.

"मी सांगत होतो ना? खर्च निम्मा..."

"खर्चाचं बरोबर सांगितलंस," काकू म्हणाल्या. मुलाला इतकं मोठं शाबासकीचं वाक्य घरात सहसा मिळत नसे. त्याने टपावरची स्टेपनी उगाच हलवून बघितली. मग म्हणाला, "शाळेच्या मालकांना काय सांगू?"

"तू कशाला? मी सांगते."

नर्सबाई शेडच्या दाराशी येऊन थांबल्याच होत्या. त्या ड्रायव्हरच्या जागी बसल्या, आरसा सारखा केला. काकूंनी शेजारी बसून फोन लावला.

"हं, मॅडम, काय ठरलं?" मालकांचा आवाज मऊ होता.

"नाही जमणार साहेब. माझी गाडी चालू आहे."

"अहो, आज चालू आहे. जुन्या गाडीचा काय भरवसा?"

"भरवसा नाहीच. पण चालू आहे तोवर माझा क्लास चालू आहे. तुमच्याकडे कोणी क्लचची गाडी मागत आलं, तर इकडे पाठवा. आभारी आहे." काकूंनी फोन पर्समध्ये टाकला आणि सीटला पाठ टेकली. कितीतरी दिवसांनी ती पूर्ण टेकली होती.

"आज वखारीत नाही," त्या म्हणाल्या. "आज मोठ्या रस्त्याने."

"मोठ्या?" नर्सबाईंनी आरसा पुन्हा सारखा केला. "आणि पुलाचा चढ?"

"तो वाटेतच आहे. इंडिकेटर द्या. उजवीकडे बघा. कोणी नाही. चला."

नर्सबाईंनी क्लच सोडला, हळूहळू, जसा सोडायचा असतो तसा.