मशीनजवळची एर्मिनिया

आसुनसियोन शहरातल्या त्या टाइल्सच्या गोदामात खाण्यापिण्याचं मशीन बसवून बरीच वर्षं झाली, पण त्यानं एक दिवस तरी धड काम केल्याचं कुणाला आठवत नाही. नोट आत ओढायची, गुरगुरायचं आणि स्वस्थ बसायचं, हा त्याचा खाक्या. कधी बिस्किटाचा पुडा स्प्रिंगमधून सरकत पुढे यायचा आणि नेमका एका कोपऱ्यावर लटकून राहायचा. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं! कोहळा घेऊन आवळाही न देणारं हे धूड मालकाच्या मेव्हण्याच्या ओळखीनं आलं होतं, त्यामुळे ते हलवायची कुणाची छाती नव्हती.

त्याच्याशी नेमानं भांडायची ती एकटी एर्मिनिया. पन्नाशीची, फोनवर ऑर्डरी घेणारी, मागेपुढे कुणी नसलेली बाई. बाकीच्यांचं मशीनवाचून काही अडत नव्हतं. सकाळचं पहिलं काम उरकलं की मागच्या अंगणात तेरेरे फिरायचा. येर्बाची चहासारखी कडसर पानं, ठेचलेला पुदिना, बर्फाचं पाणी, शिंगाचा एकच पेला आणि त्यात एकच नळी. ओतणारा एक, पिणारे सगळे. नळी पुसायची मात्र नाही. पुसणं म्हणजे आधी प्यायलेल्या माणसाच्या थोबाडीत मारणं. उष्ट्याचा विचार करणाऱ्यानं त्या बाकावर बसूच नये.

एर्मिनिया त्या बाकावर वीस वर्षं बसली. मग तिला क्षय झाला. तिनं औषधं शेवटच्या गोळीपर्यंत घेतली आणि डॉक्टर म्हणाले, "खडखडीत बऱ्या झालात, जा कामावर." पहिल्याच दिवशी ती अंगणात गेली. पेला फिरत फिरत तिच्यापाशी आला, आणि ओतणाऱ्या सिल्विनोनं हसतहसत पिशवीतून एक प्लास्टिकचा कप काढला.

"ताई, हा खास तुमच्यासाठी. नवा कोरा! राणीसाहेबांना शोभेलसा."

सगळे हसले. तीही हसली. कपातलं कसंबसं संपवून, ऑर्डरी पडल्यात म्हणून ती उठली, ती त्या बाकावर पुन्हा बसली नाही. सिल्विनो वाईट नव्हता. ती आजारी असताना तिच्या घरी सूप पोचवणारा तोच. म्हणून तर त्याच्याशी भांडताही येईना.

तेव्हापासून अंगणात पेला फिरायला लागला की ती मशीनपाशी. मशीन अंगणाच्या दाराशीच होतं. तिथून हसणं ऐकू यायचं, कुणाची टिंगल चाललीय तेही कळायचं. दारात नुसतं उभं राहायला निमित्त लागतं, आणि मशीन बिघडलं की निमित्त लांबतं. ती पत्र्यावर थापट्या मारायची, बटण दाबून दाबून बोटं दुखवून घ्यायची.

"गिळलं का ताई, परत?" सिल्विनो बाकावरून ओरडायचा.

"गिळलं मेल्यानं!"

"अहो, लाथ घाला! प्रेमानं ऐकणाऱ्यातलं नाही ते!"

दिवसभरात तिच्याशी कुणी आपणहून बोललं असेल तर ते एवढंच. घरी पेला होता, नळी होती, पुदिन्याची कुंडीही होती. पण एकटीनं तेरेरे पिणं म्हणजे आपल्याच हातावर आपणच टाळी देणं. तिला वाटायचं, एक दिवस सिल्विनो विसरेल आणि हातातला पेला सवयीनं पुढे करील.

जानेवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, उन्हानं जीव नकोसा झालेला असताना, मशीन दुरुस्त करायला नेरी नावाचा माणूस आला. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात तेरेरेचा थर्मास. मशीनची पाठ उघडून तो बराच वेळ आत डोकावत राहिला.

"मावशी, ह्याला रोज कोण मारतं हो?"

"मी. दुसरं कुणी नाही."

"हात दणकट आहे तुमचा. नवरा सरळ झाला असता."

"होता कुठे? म्हणून तर मशीनवर काढते!"

नेरी खदाखदा हसला. त्यानं पेला भरला, स्वतः प्यायला, पुन्हा भरला आणि न बघताच तिच्यापुढे धरला. जवळ माणूस उभं आहे, तर त्याला द्यायचं. त्यात विचार कसला करायचा? एर्मिनियाचा हात पुढे होईना.

"मला क्षय झाला होता," ती म्हणाली. "आता बरी आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना? मग धरा की! बर्फ वितळतोय."

ती प्यायली. नळीचा गार धातू ओठांना लागला आणि तिला इतका आनंद झाला की तिनं तोंड फिरवलं. नेरी काम करत होता, मध्येच ओतत होता. एकदा तो, एकदा ती. नळी त्यानं एकदाही पुसली नाही.

तेवढ्यात सिल्विनो अंगणातून आत आला. नेरीनं नुकताच तिच्याकडून घेतलेला पेला भरला आणि त्याच्यापुढे केला. "घ्या, काका."

सिल्विनोनं पेल्याकडे पाहिलं, मग नळीकडे, मग एर्मिनियाकडे. त्या कपाला झालेल्या दोन वर्षांत तो काय विसरलाय आणि काय नाही, ते तिला आता कळणार होतं.

"नको रे," तो म्हणाला. "पोट बिघडलंय सकाळपासून."

आणि काय करावं न सुचून त्यानं मशीनमध्ये नोट सरकवली. मशीननं ती निमूट घेतली आणि बर्फगार कोलाची बाटली धपकन खाली टाकली. बिघडल्या पोटाचा सिल्विनो ती बाटली हातात घेऊन तसाच उभा राहिला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता.

"इकडे आण," एर्मिनिया नेरीला म्हणाली. "त्याच्या वाटणीचा मी पिते."

सिल्विनोसमोर, त्याच्याकडे बघत, पेला घुरघुरेपर्यंत ती प्यायली. तो खाली मान घालून निघून गेला. तिला राग आला होता आणि त्याची दयाही आली होती.

नेरीनं मशीनची पाठ लावली, हात पुसले, थर्मासचं झाकण घट्ट केलं.

"आता परत कधी येशील?" तिनं विचारलं.

"मी? कशाला?" नेरी खुशीत मशीनवर थाप मारत म्हणाला. "नवी मोटर घातलीय, मावशी. आता माझं तोंड बघायची वेळच येणार नाही तुमच्यावर!"

"बरं झालं बाई," एर्मिनिया म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.