त्यांच्या दारापुढं आमचे फोटो

शिटी वाजली तेव्हा याडी बसलेली होती.

आमच्या बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत आईला याडी म्हणतात. तुरी उभ्या होत्या, त्यांच्या धुऱ्यामागं, बांधाच्या आडोशाला ती, तिच्या बाजूला मी, जरा पलीकडं काकी. नुकतं फटफटत होतं. एकदम तोंडावर टॉर्च. मग शिट्ट्या. मग हसणं.

आम्ही उठून उभ्या राहिलो. रस्त्यानं गाडी आली, उजेड पडला, की तांड्याच्या बायका उभ्या राहतात. लहानपणापासून अंगात भिनलेलं आहे ते. उजेड गेला की पुन्हा बसायचं. त्या दिवशी उजेड गेलाच नाही.

"गुड मॉर्निंग, मावशी!" तालुक्याहून आलेला साहेब म्हणाला. त्याच्या हातात गुलाबाचं फूल होतं. बाजूला ग्रामसेवक, सरपंच, आणि याडी ज्या शाळेत खिचडी शिजवायची तिथले गुरुजी. गुरुजींची ड्युटी लावली होती. ते खाली मातीकडं पाहत होते. ग्रामसेवकानं झेंडूचा हार काढला आणि याडीच्या गळ्यात घातला. तिचा एक हात डब्याला, एक हात लुगड्याला. हार नाकारायला तिसरा हात कुठून आणणार?

"हसा की जरा," साहेब म्हणाला. फोटो काढला. काकीचा काढला. माझाही काढला. मी बारावीत होते.

याला ते गांधीगिरी म्हणत. फूल द्यायचं, हार घालायचा, माणसाला लाज वाटली पाहिजे, मग तो सुधारतो. लाज वाटली. इतकी की दोन दिवस मी पोटात अन्न घातलं नाही. अन्न घातलं तर पुन्हा बाहेर जावं लागेल, एवढाच माझा हिशोब. सुधारण्यासाठी मात्र घरात संडास लागतो, तो आमच्याकडं नव्हता.

का नव्हता, तेही सांगते. योजना अशी होती की संडास आधी तुम्ही बांधा, सरकार पैसे नंतर देईल. म्हणजे ज्याच्याजवळ बांधायला आहे त्यालाच बांधायचे पैसे. वर घराची जागा नावावर पाहिजे. आमचा तांडा ई-क्लासवर, म्हणजे सरकारी पडीकावर. पूर्वी आमची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरायची. तो धंदा बसला तेव्हा कुणा पणज्यानं या माळावर बैल सोडले आणि तिथंच चूल मांडली. मतदान आम्ही करतो, मुकाट करतो. पण सरकारच्या दप्तरात आमची घरं घरं नाहीत. होळी झाली की हापशी कोरडी पडते. प्यायचं पाणी बायका सरपंचाच्या बोअरवरून आणतात, तेही त्याच्या घरच्यांची आंघोळ-धुणी उरकल्यावर. संडासात ओतायला पाणी कुठलं?

फोटो सगळ्या गावाच्या मोबाइलवर फिरला. मूळ गावातल्या पालकांनी शाळेत येऊन सांगितलं, "डबा घेऊन बाहेर जाते ते बाई. तिच्या हातचं आमच्या लेकरायनं खायचं?" हीच लेकरं इतकी वर्षं याडीच्या हातचं खात होती, वरून मागत होती. गुरुजींनी याडीला शाळेच्या फाटकातच थांबवलं.

"बाई, माझा नाइलाज आहे. आधी घरी संडास होऊ द्या. मग या कामावर."

शाळेतलं ते काम म्हणजे आमच्या घरातला एकुलता बारमाही आधार. बापाला दम्यानं धरलेलं. कापूस वेचणं, सोयाबीन सोंगणं ही हंगामाची कामं, हंगाम सरला की हात मोकळे आणि पोटंही. ते काम गेलं तर माझी बारावी जाणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. याडी दुपारीच तांड्याच्या नायकाला घेऊन सरपंचाकडं गेली. आमच्यात नायकाचा शब्द शेवटचा. भांडण असो, सोयरीक असो, नायक म्हणेल ते तांडा करतो.

सरपंच ओट्यावर बसला होता. म्हणाला, "नायक, कायले चिंता करता? समद्यायचे फोटो काढून घेऊ. फोटो वर गेला का काम झालं समजा. बाईचं कामबी पक्कं."

नायकाला वाटलं, फोटो म्हणजे अर्ज. आधी फोटो जाणार, मग संडास येणार. सगळ्या तांड्याला तसंच वाटलं. आम्हाला काय ठाऊक, तो फोटो म्हणजे संडास मिळाल्याची पावती होती. आणि नायकानं त्याच्या समजुतीनं तांड्यात हाळी दिली, सरकारात फोटो जाणार आहे, चांगल्या दिसा. गोरमाटी बाई सरकारापुढं उभी राहणार तर फाटक्या लुगड्यात राहील का? म्हाताऱ्यांनी पेटीच्या तळातून फेटिया काढले. फेटिया म्हणजे आमचा भरतकामाचा, आरसे लावलेला घागरा. लग्नात आणि तीजेच्या सणाला निघतो, एरवी नाही. काकीनं चांदीचे दागिने घातले. काही जणींना एकमेकींकडून मागून आणावे लागले. याडीनं मला वेणी घालायला लावली.

सरपंचाच्या वाड्यामागं त्यांचा नवा संडास. हिरव्या रंगाचं लोखंडी दार. त्या एका दारापुढं एकेक बाई उभी राहिली. तांड्यातलं एकेक घर. ग्रामसेवक मोबाइल धरून, "हां, पुढची." काकीनं डोईवरचा पदर नीट केला, लग्नाच्या फोटोला करतात तसा. सरपंचाच्या घरातल्या बायका खिडकीतून बघत होत्या. एक म्हणाली, "अवं पाहा, संडासाशी लगन लावून राह्यल्या का ह्या?" आणि सगळ्या हसल्या. याडीही हसली. तिला वाटलं, कौतुक चाललंय.

मी पाहत होते. काहीतरी चुकतंय हे कळत होतं, नेमकं काय ते कळत नव्हतं. उन्हात आरसे चमकत होते आणि माझ्या याडीमागं दुसऱ्याचं दार होतं.

महिन्याभरात गाव हागणदारीमुक्त झालं. आमच्याकडं एक वीटही आली नव्हती. फाट्यावर कमान लागली. ग्रामपंचायतीपुढं मांडव पडला, पाहुणे आले, त्यांना फेटे बांधले. सरपंचानं आदल्या दिवशी याडीला बोलावून घेतलं होतं. "तुले स्टेजवर दोन शब्द बोलाचे हायेत. बोलली का सोमवारपासून शाळेत ये."

याडीला वाचता येत नाही. गुरुजींनी चार ओळी लिहून दिल्या आणि मला म्हणाले, तू वाच, आई बाजूला उभी राहील. "मी आधी बाहेर जात होते. ती माझी चूक होती. आता माझ्या घरी संडास आहे. मी सर्वांची माफी मागते." बस, एवढंच.

घरून निघताना याडी म्हणाली, "वाचून टाकजो बेटा. चार शबद तर हायेत. तोंड काय झिजते?"

मी ठरवलं होतं, वाचून टाकायचं. खरंच ठरवलं होतं. स्टेजवर चढले. याडी बाजूला हात जोडून उभी. समोर खुर्च्यांवर तोच टॉर्चवाला साहेब, मोबाइल तयार धरून. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचायला गेले आणि 'चूक' शब्दावर माझी जीभ अडकली. चूक? कुणाची चूक? पाणी नाही ही तिची चूक? माळावर जन्मली ही तिची चूक? हार घालून घेतला ही? दुसऱ्याच्या संडासापुढं नटून उभी राहिली, कारण तिनं तुमच्यावर विश्वास ठेवला, ही? मी कागद खाली केला.

मी म्हणाले, "आमच्या घरी संडास नाही. तांड्यात कुणाच्याच घरी नाही. फोटोतलं दार सरपंचाचं आहे. आज सकाळीही आम्ही बाहेरच गेलो होतो."

माइक बंद झाला. सरपंच हसत उठला आणि मोठ्यानं म्हणाला, "पोट्टी भेली. टाळ्या वाजवा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तांड्यातल्या बायकांनीही वाजवल्या. याडीनं माझा दंड धरला आणि मला ओढत खाली नेलं. तिची बोटं रुतली होती.

मला वाटलं होतं, खरं बोललं की काहीतरी होईल. कुणीतरी विचारेल, चौकशी होईल. काही झालं नाही. साहेब जेवून गेले. पेपरात गावाचा फोटो आला, त्यात कमान होती आणि फेटे होते.

संध्याकाळी याडी चुलीपुढं बसली होती. माझ्याकडं न पाहता म्हणाली, "खरं बोल्ली तू. लय चांगलं केलं. आता तुह्यं हे खरं कोनत्या चुलीवर शिजवू, तेबी सांग."

 

काम सरपंचाच्या भावजयीच्या नावावर गेलं. तिनं कधी शेरभर तांदूळही स्वतः धुतला नसेल. ती शाळेत जात नाही. ती याडीला पाठवते. खिचडी आजही याडीच शिजवते, त्याच चुलीवर, त्याच लेकरांसाठी. मानधन भावजयीच्या नावानं येतं, त्यातलं निम्मं तिच्या मर्जीनं याडीच्या हातावर टेकवलं जातं. ज्या पालकांना तिच्या हातची किळस आली होती त्यांना हे सगळं माहीत आहे. आता कुणाला किळस येत नाही. निम्म्या मजुरीत हात शुद्ध होतात, हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

बारावी माझी झाली, पुढचं राहिलं. मी तांड्यात शिलाई मशीन चालवते. मध्ये तालुक्याला जाऊन संडासासाठी अर्ज केला. पोरगेलासा बाबू होता. त्यानं कॉम्प्युटर पाहिला आणि पडदा माझ्याकडं फिरवला. त्यात याडी होती. फेटिया घातलेली, मागं हिरवं दार.

"तुम्हाला मिळालेला आहे, ताई. एका कुटुंबाला एकदाच मिळतो."

"तो आमचा नाही."

"फोटो तुमच्याच आईचा आहे ना?"

फोटो माझ्याच आईचा होता. बाबू खोटं बोलत नव्हता. त्याच्यापुढं जे होतं तेवढंच तो वाचत होता. तांड्यातल्या सगळ्या घरांचं तसंच आहे. कुणी आता आमच्याकडं पाहायला येणार नाही, कारण आमचा प्रश्न सुटलेला आहे. गरीब असणं एक वेळ सोसतं. गरिबी मिटली असं लिहून ठेवल्यावर गरीब असणं, याला कुठं दाद मागायची?

तेव्हापासून मी प्रत्येक ग्रामसभेला जाते. बोलण्याची पाळी मला कुणी देत नाही, मीच बोलते. "हे गाव हागणदारीमुक्त नाही. मी आज सकाळी बाहेर गेले होते. हे लिहून घ्या." ग्रामसेवक बदलले, वाक्य मी बदललेलं नाही. कुणी लिहून घेत नाही. पुरुष खाली पाहून हसतात. मागच्या खेपेला नवा ग्रामसेवक म्हणाला, "दर वेळी तेच काय? बाईमाणसाला लाज वाटायला पाहिजे." मी म्हटलं, लिहून घ्या, मग वाटेल.

परवा सरपंचाच्या भावजयीनं याडीला निरोप धाडला. "पोट्टीले आवर. नाई तर उद्यापासून दुसरी बाई पाह्यतो." याडी माझ्या मशीनपाशी येऊन बसली.  मग म्हणाली, "या बार नको जाऊ वं माय. माह्यं एवढं आईक. तुह्या बापाच्या गोळ्या त्यातूनच येतात."

तिचं बरोबर आहे. ते निम्म्या मजुरीचं काम गेलं तर घरात काय शिजेल, मला ठाऊक नाही. संडास मिळेल, असंही मला वाटत नाही. माझ्या एका वाक्यानं या जिल्ह्यात काही हलणार नाही, एवढी अक्कल मला आली आहे.

पण मी गप्प बसले, की त्या फोटोतलं सगळं खरं ठरतं. मग त्यांना खोटं बोलायचीही गरज उरत नाही, ते काम माझं गप्प बसणंच करतं. तेवढं मी त्यांना देणार नाही. बाकी सगळं त्यांनी घेतलं आहे.

सोमवारी ग्रामसभा आहे. याडीला मी सांगितलं, जाणार आहे. ती उठून आत गेली. सोमवारी मी जाणार, बोलणार. मंगळवारी याडीचं काम गेलं, तर पुढच्या सभेत तेही बोलणार.