भांगाखालचा रंग

अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या शालूच्या पार्लरमध्ये बाई शिरली की शालूची नजर आधी तिच्या भांगावर जायची, नावगाव मागाहून. तीच शालू स्वतःच्या टाळूवर केस जाऊन रुपयाएवढा डाग पडला तेव्हा वर्षभर ‘चाई हाय, जाईन’ म्हणत राहिली. कांद्याचा रस चोळला, वरून काळी मेहंदी लावली आणि खुशाल नवऱ्या सजवत बसली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

डाग पसरायला लागला तेव्हा मीच तिला ओढत अकोल्याला नेलं. अमरावतीत डॉक्टरकडे जायला ती तयार नव्हती.

“पार्लरवालीलेच टक्कल पडलं म्हनतीन. मंग माह्या दुकानात कोन येईन?”

भीती खरी होती. घर त्याच दुकानावर चालत होतं.

आणि निघायच्या आदल्या दिवशी बाईसाहेबांनी काय करावं? डॉक्टरणीसमोर नीटनेटकं दिसावं म्हणून डोक्याला ताजा रंग लावला! डॉ. नगमांनी कातडी तपासायचं भिंग टाळूवर टेकवलं, सरकवलं आणि ठेवून दिलं.

“ताई, मले तुमची टाळू पाहाची हाय अन् तुमी मले मेहंदी दाखवून राहिल्या. रंग उतरू द्या, मंग या.”

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी तिला फैलावर घेतलं. तिनेही ऐकून घेतलं, एरवी ऐकत नाही.

रंग उतरल्यावर पुन्हा गेलो. या वेळी डॉक्टरणीने तिची टाळू मोबाइलवर मोठी करून दाखवली. चांगल्या जागी कातडीच्या रंगाची तपकिरी जाळी होती आणि प्रत्येक केसाला आपलं छिद्र. डागात जाळी तुटलेली, छिद्रं बुजलेली, मधेमधे निळसर राखाडी ठिपके.

“चाई असती तं छिद्रं शाबूत राहिली असती,” डॉक्टरीण म्हणाली. “इथं आतल्या सुजेनं मुळंच खाल्ली. रंग बनवनाऱ्या पेशींलेही मार बसला, त्यायचा रंग खाली झिरपला, तेच हे ठिपके. कडेचा तुकडा तपासून खात्री करू. गेलेले केस येनार नाहीत. पन कडेचे वाचवता येतीन.”

शालू रडली. मीही रडले, लपवू कशाला?

तुकड्याच्या तपासणीतही तेच निघालं आणि औषधं सुरू झाली. पुढच्या प्रत्येक तपासणीत डागाची कड आधी होती तिथेच सापडली. शालू डोक्याला रुमाल बांधून पुन्हा जोमाने कामाला लागली.

लग्नसराईत प्रियदर्शनी नावाची मुलगी आली. “ताई, इथं जरा विरळ झालं. काळा रंग मारून द्या, परवा साखरपुडा हाय.”

शालूने तिचा भांग उघडून पाहिला आणि रंगाची वाटी बाजूला सारली. दुकान बायांनी भरलेलं होतं. तिने आपला रुमाल सोडला आणि त्या पोरीसमोर मान खाली घातली.

“हे पाय. मी वर्षभर रंग मारून झाकलं, माहे गेले. तुहे वाचतीन अजून. उद्याच अकोल्याले जाय. साखरपुड्याची वेनी मी घालून देतो, बिनरंगाची.”