डॉर्कसने समुद्राला दार उघडलं

स्केलविकच्या धक्क्यावर ‘तीन बांगडे’ नावाचा पब आहे. त्याची पायरी आणि समुद्र यांच्यात घोडागाडी जेमतेम जाईल एवढीच जागा. इमारत एका बिअर कारखान्याची, चालवणारा भाडेकरू; पण गाव त्यालाच मालक म्हणतं.

पहिल्या मालकाने पुढे दगडी भिंत घातली. दुसऱ्याच हिवाळ्यात समुद्राने ती नेली. त्याच्या मागून आलेल्याने खिडक्या निम्म्या बुजवल्या, तर आत इतका अंधार झाला की गिऱ्हाइकं टेकडीवरच्या पबात जाऊन बसू लागली. मग जोनास थीकर आला. त्याने दाराला लोखंडी खाचा बसवल्या आणि उधाण असलं की त्यांत ओकच्या जाड फळ्या सरकवायची पद्धत पाडली. त्याच्यामागे त्याचा मुलगा एमसही तेच करत राहिला.

डॉर्कस ही एमसची बायको. माहेर डोंगरापलीकडे, मेंढ्यांच्या गावात. लग्न होऊन आली तोवर तिने समुद्र दोनदाच पाहिला होता.

फळ्यांनी पाणी काही थांबत नसे. ते फटींतून यायचं, लाकडी जमिनीखालच्या तळघरात साचायचं, बिअरची पिंपं तरंगायची आणि पुढचे आठ दिवस बादल्यांनी उपसा चालायचा. एकोणीसशे एकतीसच्या नोव्हेंबरात भर दुपारी मोठं उधाण आलं. एमस नेहमीसारखा आतून फळ्यांना रेटा देऊन उभा होता. लाटेने वरची फळी मोडली ती सरळ त्याच्या छातीवर. बरगड्या मोडल्या, पुढे फुप्फुसात पाणी झालं. फेब्रुवारीत तो गेला.

पबचा परवाना आपल्या नावावर करून घ्यायला डॉर्कस तिघा न्यायाधीशांपुढे उभी राहिली.

“बाईमाणूस तुम्ही,” मधले साहेब म्हणाले. “झिंगलेल्या लोकांना आवरणार कशा?”

“आजवर आवरतच आलेय, साहेब. नाताळात तुमच्या धाकट्या भावाला कॉलर धरून मीच बाहेर काढलं.”

बाकीचे दोघे साहेब हसले. परवाना मिळाला आणि दारावर तिचं नाव रंगवलं गेलं.

मग तिने सायलसला बोलावलं. सायलस गावचा गवंडी, आणि संध्याकाळी खिडकीजवळच्या बाकावरचं तिचं रोजचं गिऱ्हाईक.

“लाकडी जमीन उखड,” ती म्हणाली. “तळघर गोट्यांनी भर. वर फरशी घाल, मागच्या भिंतीपासून दारापर्यंत चांगली वीतभर उताराची. आमच्याकडे मेंढ्यांचा गोठा असतो ना, तशी. पाणी ओतलं की आपसूक बाहेर.”

“गोठा? अगं बये, आम्ही काय मेंढ्या आहोत?”

“मेंढ्या तरी पितात आणि गप्प राहतात. करतोस की दुसरा बघू?”

“करतो ना. पण फळ्यांचं काय?”

“फळ्या नाहीत. उधाण आलं की दार सताड उघडं.”

सायलसने हातातला पेला खाली ठेवला. “डॉर्कस, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?”

कारखान्याचा साहेब पाहायला आला तेव्हा तोही असाच हबकला. “थीकरबाई, तुम्ही समुद्राला आत बोलावताय!”

“तो न बोलावताच येतो, साहेब. मी फक्त परतीची वाट करून देतेय.”

“बिघडलं तर मार्चमध्ये भाडेकरार संपला की चंबूगबाळं आवरायचं,” एवढं बजावून तो गेला.

पिंपं मागच्या खोलीत गेली. ती खोली तीन पायऱ्या वर, टेकडीत खोदलेली. बाकं भिंतीतल्या कड्यांना दोरांनी बांधली. कोपऱ्यातला पियानो तेवढा त्या पायऱ्यांवरून वर चढेना, म्हणून तो तिथेच राहिला.

पुढच्या जानेवारीत उधाण आणि उत्तरेचा वारा एकाच दुपारी आले. डॉर्कसने दार उघडून भिंतीला अडकवलं. सायलस आणि आणखी दोघे पेले घेऊन मागच्या पायऱ्यांवर उभे राहिले. पहिली लाट घोट्याएवढी आत आली. मग गुडघाभर. पाणी मागच्या भिंतीला थडकलं, जरा घुटमळलं आणि उताराने बाहेर गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. तासभर हेच. एकदा दोर तुटून बाक निघालं आणि खिडकीची काच घेऊन बाहेर गेलं. पियानो हळूच आडवा झाला.

“गेला बिचारा,” सायलस म्हणाला. “सूर तसाही धड नव्हता.”

ओहोटी लागल्यावर डॉर्कसने खराटा घेतला. वाळू, शेवाळ, दोन खेकडे सगळं दाराबाहेर लोटलं. दोन बादल्या गोडं पाणी ओतलं, तेही निघून गेलं. साडेपाचला पब उघडायची वेळ झाली, तेव्हा फरशी जवळजवळ कोरडी होती.

सायलस तिचं कौतुक करायला वळला, तर ती खराटा धरून दारात उभी होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

“एमसला सांगितलं होतं मी,” ती म्हणाली. “उघड दार, म्हटलं होतं. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं.”

सायलस मागे गेला आणि स्वतःच्या हाताने तिच्यासाठी एक पेला भरून घेऊन आला. ती बाकावर बसून तो सावकाश प्यायली.

तिने पुढे चोवीस वर्षं पब चालवला. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा ती माहेरी भावाकडे राहायला गेली. नंतर आलेल्या मालकाने हौसेने फरशीवर गालिचा घातला. तो पहिल्याच हिवाळ्यात समुद्रात गेला. सायलसने हे डॉर्कसला पत्राने कळवलं. तिचं उत्तर एका ओळीचं आलं. गालिचा कोणत्या रंगाचा होता, एवढंच तिने विचारलं होतं.