चांद्या एकदाच थांबला

आधीच सांगून टाकतो, मी गावातला एक नंबरचा थापाड्या आहे. कारंजा घाडगेला माझं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे आणि तिथं पंपांपेक्षा गप्पांचीच गर्दी जास्त. भुताखेतांच्या शंभर गोष्टी मी स्वतः रचून लोकांची झोप उडवलीय... तेव्हा असल्या गोष्टींवर माझा विश्वास बसणार कसा? कारखाना आपलाच! पण ही गोष्ट सांगताना मी काही वाढवणार नाही. बरं, वाढवलंच तर इकडंतिकडं थोडंफार. थांबण्याचा भाग मात्र जसा झाला तसाच.

आमचं ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडून वसलेली कॉलनी, हायवेला लागून. वरच्या टोकाला हनुमानाचं मंदिर, तिथून उताराचा सिमेंट रोड निघतो तो थेट नागपूर-अमरावती हायवेला भिडतो. तिसऱ्या गल्लीतल्या एका पोट्ट्याला त्याच्या मामानं छोटी डर्ट बाईक आणून दिली आणि आमच्या शांततेचं वाटोळं झालं. दिवसभर भर्रर्र... भर्रर्र! म्हातारी माणसं कंपाउंडला चिकटून चालायला लागली, पालीसारखी. शेजारचे रिटायर्ड कंडक्टर भोयरकाका रोज ओरडायचे, "एखाद्या दिवशी पोट्टं जाईन रे हायवेवर! तवा समजीन तुमाले!"

आणि आमची चिनू, वय वर्षं दहा – "बाबा, मले पण पायजे."

"बाईक काऊन? तुले विमानच बनवून देतो," मी म्हटलं. भंगारातल्या पंपाचं इंजिन, लहान सायकलींची चार चाकं, एक चेन, दुकानातली मोडकी खुर्ची... झाली गो-कार्ट तयार! ब्रेक तेवढा राहिला होता.

बायकोनं विचारलं, "ब्रेक लावला का जी?"

"डिस्क ब्रेक लावला! रेल्वे थांबंन त्यानं."

रोज ठरवायचो, उद्या लावू.

तेवढ्यात तान्हा पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरं चाकांचे लाकडी नंदी सजवून मिरवतात. चिनू म्हणे, "मले नंदी नाई पायजे. मी चांद्याले नेईन."

चांद्या म्हणजे माझ्या वडिलांचा, आबांचा बैल. जाऊनही वीस वर्षं झाली त्याला. चिनूला जेवताना मी त्याची गोष्ट सांगायचो – बैलबंडी भरधाव विहिरीकडे निघालेली, आबांनी एकच हाक मारली, "होऽऽ चांद्या!", आणि चांद्या काठावर खिळ्यासारखा उभा! ही गोष्ट झाल्याशिवाय पोरगी घास गिळत नसे. तर तिनं कार्टवर झूल टाकली, पुढं खडूनं चांद्याच्या कपाळावरचा पांढरा चांद काढला, स्टेअरिंगला घुंगरू बांधले, वर पुरणपोळीचा घासही दाखवला. आम्ही हसून हसून लोळलो.

दुपारी चार वाजता मंदिरासमोर तोरणाखाली लेकरांचे नंदी रांगेत उभे, आणि मधोमध आमचा धूर सोडणारा बैल. चिनूनं रेस दिली... आणि रेसची वायर अडकली. कार्ट सुटली ती उतारालाच लागली.

मी धावलो. एरवी सांगितलं असतं की घोड्यासारखा धावलो. खरं म्हणजे चप्पल तुटली आणि वीस पावलांत छातीचा भाता झाला.

"बाबाऽऽ! ब्रेक कुठी आहे?"

ब्रेक होताच कुठं? भोयरकाका ओरडून राह्यले, "उडी मार, पोरी!" इंजिनाच्या आवाजात तिला ऐकूच जाईना. खाली हायवेवर ट्रकांमागे ट्रक. आणि कुठून कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं – "होऽऽऽ चांद्या! होऽऽ!"

थांबली.

हळूहळू नाही – जागच्या जागी. हायवे पाच पावलांवर. मी पोचलो तेव्हा इंजिन बोंबलत होतं, चेन गरगर फिरत होती आणि चारही चाकं उतारावर उभी. पुढं दगड नाही, खड्डा नाही. घुंगरू तेवढे वाजत होते... बैलानं मान हलवावी तसे.

मी चिनूला उचललं. तिचे पाय खुर्चीतून सुटले मात्र, कार्ट निघाली. सरळ हायवेवर. ट्रकनं कार्टचा पापड केला.

ड्रायव्हर उडी टाकून आला, पांढराफटक. "बच्चा? गाडी में बच्चा था क्या?" मला चिकटलेली चिनू दिसली आणि तो मटकन खालीच बसला. मीही बसलो त्याच्याशेजारी. आम्ही दोघं हसत होतो की रडत होतो, देव जाणे.

"बाबा, सोडा ना... गळा दुखून राह्यला माहा," चिनू म्हणाली. एवढं गोड वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं.

बायकोनं रस्त्यावरचा एकेक तुकडा उलटून पाहिला. "डिस्क ब्रेक कुठी आहे जी?"

सगळ्या ले-आउटसमोर मी सांगितलं, "लावलाच नोता."

दोन दिवस घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी चहा मिळाला, तोही अर्धा कप, पण अमृत होतं ते! डर्ट बाईक मामाकडे परत गेली. गल्लीत आता सायकलीच फिरतात, आणि त्यांचे ब्रेक मी रोज सकाळी तपासतो.

भोयरकाका म्हणतात, "चेन उतरली असंन बावा." अहो, चेन उतरली तरी उतारावर चाकं उभी राहतात का? इतकी वर्षं इंजिनं खोलतोय, ते सगळे तुकडे दुकानात मांडून पाहिले... काही सापडलं नाही.

आणि एक गोष्ट चिनूला अजून सांगितलेली नाही, तुम्हालाच सांगतो. ती विहिरीची गोष्ट मीच रचली होती. खरा चांद्या आबांच्या हाकेला उभ्या आयुष्यात कधी थांबला नव्हता.