कांडी संपली की

यंत्रमागावरची पाळी सुटली की तो केसांत कापसाचा भुगा घेऊनच माझ्या वाचनालयात यायचा आणि हेरकथांची एकच माला कपाटापाशी उभ्यानं वाचायचा. पुस्तक घरी नेत नसे, त्यामुळे वहीत त्याचं नाव कधी आलंच नाही.

मालेतल्या एका कादंबरीवर सिनेमा निघाला होता. त्यात यंत्रमागावर विणकराचा खून होतो. मी सिनेमाची तारीफ केली, तर तो चिडला. "विणकर मरून पडला अन् माग तासभर चालूच? एकदम गलत, भाऊ. इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की माग आपोआप थांबतो, बुऱ्हाणपुरातलं शेंबडं पोरही सांगेल. पुस्तकात हेराला खुनाची वेळ त्यावरूनच तर कळते."

पुढे त्याच कादंबरीची टीव्हीवर मालिका आली. वाचनालयातल्या टीव्हीसमोर सगळे खुन्याकडे बघत होते, तो मागाकडे. कांडीवरचं सूत सरलं, माग थांबला. तो ताठ बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते पुस्तक पहिल्यांदाच घरी न्यायला मागितलं. "कांड्या बायको भरते. तिला वाचून दाखवतो, खुनी कसा कांडीनं पकडला ते."

मी वही उघडून नाव विचारलं.

"तिचं लिहा," तो म्हणाला.