पंगत समजून लावलेली रांग

हसा खुशाल, पण हातातला चहा आधी खाली ठेवा. नाहीतर सांडेल अंगावर, आणि मग मला बोल लावाल!

तर त्या दिवसांत आमची शालिनी, म्हणजे बायको, माहेरी काटोलला गेली होती. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. घरात उरलो मी आणि माझा मोबाईल. आता एकटा माणूस मोबाईल घेऊन काय करतो? जेवण मागवतो! दुपारी पिझ्झा, रात्री बर्गर, मध्येच नूडल्स, वर बाटलीभर थंडा. टीव्हीसमोर बसायचं आणि दाराची बेल वाजली की उठायचं. तेवढाच काय तो व्यायाम!

व्हायचं तेच झालं. ऑफिसच्या पॅन्टचं बटण आणि त्याचं काज यांची भेट होईना. ओढलं, श्वास रोखला, पलंगावर आडवा होऊन पाहिलं. छे! शेवटी एका रविवारी नवी पॅन्ट घ्यायला सीताबर्डीला गेलो. आणि गेलो कसा? उपाशीपोटी! चहासुद्धा न घेता! का? अहो, माप कमी यावं म्हणून! दुकानदारासमोर माणसाला काही इज्जत आहे की नाही?

दुकानदारानं कमरेभोवती टेप फिरवला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, हे माप रेडिमेडमध्ये नाही भेटत. शिवूनच घ्या न."

तरी बरं, मंडपवाल्याचा पत्ता नाही दिला!

अपमान आणि भूक, दोन्ही घेऊन बाहेर पडलो. थोडं पुढं एका मंगल कार्यालयासमोर मंडप, खुर्च्या आणि माणसांची ही लांब रांग. आतून फोडणीचा खमंग वास. वर मोठा फलक, पण वाऱ्यानं अर्धा दुमडलेला. वाचता आलं ते एवढंच: 'आहार… मोफत… सर्वांनी लाभ घ्यावा.'

आता तुम्हीच सांगा, नागपुरात 'लाभ घ्यावा' लिहिलं की कोणाच्या डोळ्यांपुढे काय येईल? वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदी! मी रांगेत उभा.

टेबलाशी बसलेल्या मुलीनं विचारलं, "काका, उपाशीपोटी आले न?"

"एकदम! सकाळपासून चहाबी नाही घेतला."

"अरे वा! असंच पाहिजे. हे टोकन घ्या."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या भुकेचं कौतुक केलं हो! असा आनंद एकट्यानं कसा भोगायचा? लगेच गजाननला फोन लावला. गजानन ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि पोटानं माझ्यापेक्षा वीतभर पुढं आहे.

"गज्या, काहून बसला बे घरी? सीताबर्डीले ये. पंगत आहे, फुकट!"

"काय आहे जेवाले?"

"बुंदी असन. वास तर भारी येऊन राहिला."

"अबे, मी आत्ताच नाश्त्याले बसून राहिलो होतो."

"नको खाऊ! उपाशी लोकायची लई किंमत आहे इथं!"

"थांब मग. बाकीच्यायलेबी घेऊन येतो."

रांग सरकली. पुढं वजनकाटा. मला वाटलं, किती वाढायचं याचा अंदाज घेत असतील. शहाणी माणसं, अन्न वाया जाऊ देत नाहीत! मग पांढऱ्या कोटातल्या एका सिस्टरनं पोटाला टेप लावला.

"काका, पोट आत नका घेऊ. सोडा."

सोडलं. टेप अपुरा पडला.

"घरी कोणाले आहे का?"

"बायको आहे, पण काटोलले गेली."

"बायको नाही हो, शुगर!"

"शुगर तर सगळ्यायच्याच घरी राहते न बाई. चहाले लागतेच."

सिस्टर खोकल्याचं निमित्त करून पलीकडे वळल्या. मला कळायला हवं होतं, पण भूक लागली की माझे कान काम करत नाहीत.

पुढच्या टेबलावर, "बोट द्या." दिलं. म्हटलं शाई लावणार, मतदानासारखी, कोणी दोनदा जेवू नये म्हणून.

टोच!

"ओ माय!" अख्खा मंडप माझ्याकडे बघायला लागला. बोटावर रक्ताचा थेंब, समोर छोटं मशीन, आणि तेवढ्यात वाऱ्यानं तो फलक सरळ केला. 'स्थूलता व मधुमेह तपासणी आणि आहार मार्गदर्शन शिबिर. मोफत. सर्वांनी लाभ घ्यावा.' आणि फोडणी? मागं एक बाई चमचाभर तेलात मोड आलेले मूग कसे परतायचे ते शिकवत होत्या!

घाईघाईनं गजाननला फोन लावला. उचलेल कसा? तो मंडपाच्या दारात उभा होता, ऑफिसातले आणखी तिघं घेऊन.

"कुठं आहे बुंदी?"

खरं सांगता आलं असतं. पण चौघांच्या भुकेल्या तोंडांकडे पाहिलं आणि माझी हिंमतच झाली नाही. म्हटलं, "आधी नंबर लावा. इथं सिस्टिम आहे."

लावला बिचाऱ्यांनी. वजन झालं, टेप झाला, मग टोच! गजाननानं बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो जे बोलला ते मला इथं सांगता येणार नाही. बायामाणसं ऐकताहेत.

पण मग शिबिराच्या डॉक्टरबाईंनी त्याला बाजूला बोलावलं. ब्लडप्रेशर घेतलं. थांबून पुन्हा घेतलं.

"जिना चढताना छातीत दाटून येतं का?"

"येते कधी कधी. गॅस असन म्हणून सोडा पेतो."

बाई हसल्या नाहीत. "आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जायचं. गाडी तुम्ही चालवायची नाही."

आमचं सगळ्यांचं हसणं तिथंच थांबलं. ऑटोत मी त्याच्या शेजारी. कधी कोणाला न घाबरणारा गजानन माझा हात घट्ट धरून म्हणाला, "घरी सांग बे. सुनंदाले बोलाव."

हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झाली होती. त्याच दिवशी उघडली म्हणून निभावलं. सुनंदावहिनी, त्याची बायको, डोळे पुसत मला म्हणाल्या, "भाऊजी, हे कधी दवाखान्याची पायरी चढले नाही. तुम्ही कसं नेलं यायले शिबिरात?"

मी छताकडे बघायला लागलो. पलंगावरून गजाननाचा बारीक आवाज आला, "त्याले माही लई काळजी आहे वं!"

त्यानं माझी लाज राखली. मी रडलो, खोटं कशाला बोलू?

माझी शुगरही वाढलेली निघाली. शालिनी परत आली, मोबाईलमधलं जेवणाचं ॲप तिनं माझ्यासमोर काढून टाकलं आणि ताटात ज्वारीची भाकरी आली. सकाळी गजानन आणि मी बागेत चालतो. तो धापा न टाकता बोलतो आता, आणि बोलतो भरपूर! त्याचा आवाज ऐकला की मी मनोमन त्या डॉक्टरबाईंना हात जोडतो, आणि त्या वाऱ्यालाही.

परवा त्यांच्याच दवाखान्यात तपासणीला गेलो तर डॉक्टरबाई बाकीच्या पेशंटना सांगायला लागल्या, "हे काका बघा! स्वतः तर आलेच, मित्रांनाही फोन करून आणलं. अशी जाणीव पाहिजे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला राहवेना. सगळे गेल्यावर म्हटलं, "बाई, माफ करा. मी त्या दिवशी जेवायला आलो होतो."

बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "माहीत आहे काका. वजनकाट्यावरून उतरताना तुम्ही आमच्या सिस्टरला विचारलं होतं, 'बाई, घरी न्यायले डब्बा भरून भेटन का?'"